घरातल्या दिव्यांचा कार्बन हिशेब: प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर: मोजायचं कसं

घरातल्या प्रकाशाला लागणारी वीज जितकी खाली आणता येईल तितकी आणायची, आणि तरीही कोणाला अंधुक उजेडात बसवायचं नाही, असं हे काम आहे. ते हाती घेणाऱ्या इतरांना उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवते आहे.

कार्बनचा आकडा वीज कशातून येते यावर ठरतो. कोळशावरच्या केंद्रातल्या एका युनिटमागे साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, गॅसवरच्या केंद्रात त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि पाणी, वारा, ऊन यांपासूनच्या विजेत अगदी थोडा. म्हणून मी सगळीकडे फक्त वॉट-तास आणि युनिट लिहिणार आहे. पुढचा गुणाकार ज्याने त्याने आपल्याकडच्या विजेप्रमाणे करावा.

दिवा किती वीज खातो हे खोक्यावर वाचून कळत नाही, जुन्या ट्यूबच्या बाबतीत तर मुळीच नाही. घराच्या मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुकी ते छापलेलं असतं. आमच्या मीटरवर ३२०० आहे. घरातलं बाकी सगळं बंद करून एकच दिवा लावायचा आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोजायचे. ३६,००,००० ला (३२०० गुणिले सेकंद) ने भागलं की वॉट मिळतात. हॉलमधल्या एका ट्यूबला २५ सेकंद लागले, म्हणजे ४५ वॉट. ट्यूबवर ३६ लिहिलंय. वरचे ९ वॉट पट्टीतला तांब्याचा चोक, म्हणजे ट्यूबमधला करंट आवरणारं तारेचं वेटोळं, खातो. ट्यूब तासभर चालल्यावर पट्टीच्या मध्यावर हात लावला तर तो चोक कुठे बसलाय ते डोळे मिटूनही सांगता येतं.

यात एक अडचण आली. बेडरूममधला ९ वॉटचा बल्ब एकटाच लावला तर मीटर लुकलुकतच नव्हता. मीटरला मोजणी सुरू करायलाच किमान काही करंट लागतो, त्याखालचा भार त्याच्या हिशेबात येत नाही. त्यावर उपाय सोपा निघाला. जिन्यातला जुना ६० वॉटचा तारेचा बल्ब आधी चालू ठेवायचा, त्याचे सेकंद लिहून घ्यायचे, मग त्यावर छोटा दिवा लावून पुन्हा मोजायचं आणि वजाबाकी करायची. एका लुकलुकीवर भागत नाही, निदान दहांची सरासरी घ्यावी लागते. नाहीतर व्होल्टेजच्या चढउतारात आकडा हरवतो.

९ नोव्हेंबर: तासांचा हिशेब

प्रत्येक बोर्डाशेजारी कागद चिकटवून आठवडाभर लावल्याची आणि बंद केल्याची वेळ लिहायला सगळ्यांना सांगितलं होतं. पहिल्या दोन दिवसांनंतर मुलगा विसरायला लागला, सासूबाईंनी मात्र शेवटपर्यंत चोख लिहिलं. जिथे कागद कोरा राहिला तिथे अंदाज धरला आहे.

रोजचे वॉट-तास असे आले. हॉलमधल्या दोन ट्यूब पाच-पाच तास, मिळून ४५०. जिन्यातला ६० वॉटचा बल्ब संध्याकाळपासून झोपेपर्यंत सहा तास, ३६०. फाटकाबाहेरचा २३ वॉटचा सीएफएल रात्रभर, २७६. रात्री जळणारे दोन झिरोचे बल्ब, प्रत्येकी १५ वॉट आणि आठ तास, २४०. स्वयंपाकघर २२५, मुलाची खोली १८०, बाथरूम आणि संडास मिळून ९०, दोन बेडरूम मिळून ५४. बेरीज १८७५, म्हणजे वर्षाला सुमारे ६८४ युनिट (एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास).

दोन झिरोचे बल्ब २४० खातात, दोन्ही बेडरूममधले चांगले लख्ख दिवे मिळून फक्त ५४! या बल्बांकडे आजवर कोणी पाहिलंच नव्हतं, कारण त्यांचा उजेड दिसण्यासारखा नसतो. हा कागद हातात आल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका असं मी आग्रहाने सांगेन. माझ्या मनात बदलाची सुरुवात हॉलच्या शोभेच्या दिव्यापासून होणार होती. तो महिन्यातून एखाद्या वेळी लागतो, आकड्यांच्या यादीत तो कुठेच नाही.

माळ्यावरही ६० वॉटचा तारेचा बल्ब आहे. तो बदलणार नाही. वर्षाकाठी दहा तास जळला तरी ०.६ युनिट होतात. चालता दिवा काढून टाकून नवा आणायचा तर त्या नव्या दिव्यामागेही धातू, प्लास्टिक, इलेक्ट्रॉनिक्स आणि कारखान्याची वीज असते, आणि इतक्या कमी वापरात ती कधी भरून निघणार नाही. हाच नियम बेडरूमच्या चालू एलईडींना लावला.

१६ नोव्हेंबर: सोपी कामं

जिन्यातल्या बल्बच्या जागी ७ वॉटचा एलईडी. झिरोच्या बल्बांच्या जागी अर्ध्या वॉटचे एलईडी, पिवळसर उजेडाचे. या दोन बदलांना एक तासही लागला नाही आणि रोजचे ५५० वॉट-तास गेले. पूर्ण प्रकल्पात वेळेच्या मानाने इतकं फळ पुन्हा कुठे मिळेल असं वाटत नाही.

पण रात्री एक गोष्ट दिसली. बोळातला नवा छोटा दिवा बंद केला तरी मंद तेवत राहतो. त्या बटणात जागा दाखवणारा बारीक लाल इंडिकेटर आहे आणि त्यातून जाणारा नगण्य करंट एवढ्याशा एलईडीला पुरतो. तारेच्या बल्बात हाच करंट वाहत होता, फक्त तार तापायला तो पुरत नव्हता. इंडिकेटर नसलेलं बटण बसवून हे थांबलं.

सासूबाईंच्या खोलीतही तेच होत होतं, आणि तिथल्या बटणात इंडिकेटर नव्हताच. वायरमनने टेस्टर लावून पाहिलं तर बटणावर फेजऐवजी न्यूट्रल आलेला. म्हणजे बटण बंद असतानाही होल्डरमध्ये वीज जिवंत होती, आणि किती वर्षं होती कोण जाणे. बल्ब बदलताना तिथे बोट लागलं असतं तर काय झालं असतं या विचाराने अजून धस्स होतं. बंद केलेला एलईडी मंद तेवत असेल तर तो दोष दिव्याचा समजून सोडून देऊ नका, बोर्ड उघडून बघायला सांगा. फेज आणि न्यूट्रल जागच्या जागी केल्यावर तेवणं बंद.

३० नोव्हेंबर: ट्यूब आणि चोक

चार ट्यूब बदलायच्या: हॉलमधल्या दोन, स्वयंपाकघरातली एक, मुलाच्या खोलीतली एक. नव्या एलईडी ट्यूब १८ वॉटच्या.

खोक्यात डमी स्टार्टर येतो. जुना स्टार्टर काढून तो घातला की त्याच पट्टीत नवी ट्यूब चालते, वायरिंगला हात लावावा लागत नाही. पहिली ट्यूब तशीच लावून मोजली तर २० वॉट आले. वायरमन म्हणाला, “ताई, चोक आत ठेवला तर तो उगीच मध्ये बसून राहणार, काढूनच टाकू.” चोक काढून सरळ वायर जोडल्यावर १८ झाले. दोन वॉट थोडे वाटतात, पण रोज पाच तास चालणाऱ्या ट्यूबला वर्षाचे साडेतीन युनिट होतात. शिवाय जुना चोक पुढे घूं घूं करायला लागतो आणि दोष शोधणं अवघड जातं, तेही टळलं.

सरळ जोडणी प्रत्येक ट्यूबला सारखी नसते. काहींना वीज एकाच टोकाला द्यायची असते, काहींना एका टोकाला फेज आणि दुसऱ्याला न्यूट्रल. आमच्या चारांपैकी एक वेगळ्या कंपनीची निघाली आणि तिची आकृती बाकीच्यांच्या उलट होती. ट्यूबच्या अंगावर छापलेली आकृती पाहिल्याशिवाय पट्टीला वीज द्यायची नाही. काम झाल्यावर प्रत्येक पट्टीवर पक्क्या शाईने लिहून ठेवलं आहे: “चोक काढला आहे, जुनी ट्यूब लावू नये.” पाच-सात वर्षांनी दुसरंच कोणी शिडीवर चढेल, त्याला हे कळायला हवं.

उतरवलेल्या ट्यूबांमध्ये पारा असतो, काही मिलिग्रॅमच, पण तो कचऱ्यात जाऊ नये. त्या जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून नव्या ट्यूबांच्याच खोक्यांत भरल्या आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात दिल्या. एक उतरवताना फुटली. खिडक्या उघडल्या, मुलाला बाहेर पाठवलं, मोठे तुकडे पुठ्ठ्याने उचलले, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपला आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद केलं. अशा वेळी केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरायचा नसतो, त्याने पारा खोलीभर पसरतो. या सगळ्यात दुपार गेली. पाऱ्याच्या ट्यूबांचे दिवस तसेही भरत आले आहेत. पाऱ्याचा वापर आटोक्यात आणण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराच्या २०२३ च्या बैठकीत सर्वसाधारण प्रकाशासाठीच्या फ्लोरोसंट दिव्यांचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायचं ठरलं आहे.

७ डिसेंबर: “खोली अंधारली”

हॉलबद्दल घरातल्या सगळ्यांची एकच तक्रार आहे, उजेड कमी झाला. मोबाइलमधल्या लक्समापकाने मोजलं (लक्स म्हणजे एखाद्या जागी पडणाऱ्या उजेडाचं माप). त्याचा आकडा काटेकोर नसतो, पण त्याच फोनने त्याच जागी आधी-नंतर मोजलं तर तुलना करता येते. खुर्चीच्या उंचीवर पूर्वी ११०, आता ११५. म्हणजे उजेड थोडा वाढलाच आहे, तरी सगळ्यांना तो कमी वाटतो.

कारण मान वर केल्यावर सापडलं. जुनी ट्यूब चहूबाजूंनी प्रकाश फेकायची, छत आणि भिंतीचा वरचा भाग उजळून निघायचा. एलईडी ट्यूब फक्त खालच्या अंगाने प्रकाशते, मागची बाजू धातूची. छतावर आता काळपट सावली आहे आणि डोळा खोलीचा उजेड भिंती-छतावरून जोखतो. ट्यूब तिच्या खोबणीत थोडी फिरवली, प्रकाश समोरच्या भिंतीवर जाईल अशी. भिंत पांढरी असल्याने बराच प्रकाश परत येतो. तक्रार त्याच संध्याकाळी थांबली. लक्स ११५ वरून १०० वर आले, आणि तरी सगळे म्हणाले, आता बरं वाटतं. नुसत्या लक्सच्या आकड्यावर विसंबून दिवा निवडला असता तर घरच्यांनी महिनाभरात दुसरी ट्यूब सतत लावून ठेवली असती आणि बचत तिथेच संपली असती.

वाचायला मात्र १०० लक्स पुरत नाहीत, ३०० ते ५०० हवेत. सासरे पूर्वी वाचताना दोन्ही ट्यूब लावायचे. त्यांच्या खुर्चीमागे ५ वॉटचा झुकता येणारा दिवा बसवला, पुस्तकापासून अर्ध्या मीटरवर. पानावर ४०० च्या वर लक्स आले. जवळ आणलेल्या दिव्याची ताकद अशी असते की अंतर निम्मं केलं तर उजेड जवळजवळ चौपट. मुलाच्या टेबलावरही ६ वॉटचा दिवा दिला आणि टेबल खिडकीला आडवं लावलं. दिवसा त्याला आता दिवा लागतच नाही, आधी पाठीमागून प्रकाश येऊन वहीवर स्वतःचीच सावली पडायची.

२८ डिसेंबर: ओट्यावरची पट्टी

स्वयंपाकघरातला त्रास वेगळा होता. छतावरच्या ट्यूबकडे पाठ करून ओट्यापाशी उभं राहिलं की चिरायच्या पाटावर नेमकी आपलीच सावली. कपाटाखाली १२ व्होल्टची ६ वॉटची एलईडी पट्टी लावली. हे काम दोनदा करावं लागलं.

पहिली पट्टी उघडी होती. तेलाची वाफ आणि ओलावा बसून काही दिवसांत तिचा चुलीकडचा तुकडा आधी पिवळा पडला, मग विझला. दुसरी ॲल्युमिनियमच्या खोबणीत बसवली, वरून दुधी झाकण. ॲल्युमिनियम उष्णता खेचून घेतं, त्याने एलईडीचं आयुष्य वाढतं, आणि झाकण रोज पुसता येतं. पट्टीचं लांबचं टोक मंद दिसत होतं, कारण १२ व्होल्टला लांब पातळ तारेत व्होल्टेज बरंच गळतं. दोन्ही टोकांना वीज दिल्यावर उजेड एकसारखा झाला.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. पट्टीसोबत आलेलं बटण अडॅप्टरच्या पुढच्या, म्हणजे १२ व्होल्टच्या बाजूला होतं. पट्टी बंद असतानाही अडॅप्टर कोमट लागत होता. मोजलं तर १ वॉट. चोवीस तास चालणारा १ वॉट वर्षाला ८.७६ युनिट खातो, आणि पट्टी रोज तीन तास लावली तर तिचा स्वतःचा खर्च ६.५७ युनिट. बंद अवस्थेचा खर्च चालू अवस्थेपेक्षा जास्त! बटण अडॅप्टरच्या अलीकडे, भिंतीवरच्या बोर्डात आणलं. हे आकडे लिहिल्यावर घरातल्या प्रत्येक अडॅप्टरला मी हात लावून पाहते आहे.

११ जानेवारी: स्मार्ट बल्ब बसवले

चार स्मार्ट बल्ब आणि त्यांना फोनशी जोडणारा हब आणला. दोन बेडरूममध्ये, एक हॉलच्या कोपऱ्यात, एक संडासाबाहेरच्या बोळात. बसवणं सोपं होतं. हब आणि फोन यांची ओळख करून देण्यात मात्र अख्खी संध्याकाळ गेली, कारण आमच्या राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या दोन्ही वायफायचं नाव एकच होतं आणि हबला फक्त पहिलं चालतं. नावं वेगळी केल्यावर लगेच जुळलं.

वेळापत्रक लावता येतं, उजेड कमी-जास्त करता येतो, बाहेर पडल्यावर राहिलेला दिवा फोनवरून बंद करता येतो. घरचे खूश आहेत. मोजणी व्हायची आहे.

१ फेब्रुवारी: स्मार्ट बल्ब उतरवले

एकेका बल्बचा “बंद” असतानाचा खर्च इतका कमी की वजाबाकीच्या युक्तीनेही नीट सापडेना. चारही बल्ब एका एक्स्टेंशन बोर्डवर घेतले, प्लगमध्ये बसणारं मीटर लावलं आणि रात्रभर ठेवलं. चौघांचा मिळून २ वॉट, म्हणजे प्रत्येकी अर्धा. हब स्वतः आणखी २ वॉट, चोवीस तास.

अर्धा वॉट ही काही वाईट कामगिरी नाही. युरोपीय संघाच्या २०२१ पासूनच्या नियमातही जोडणीच्या प्रतीक्षेत असलेल्या दिव्याला तेवढीच मुभा आहे. पण गणित तासांचं आहे. बोळातला ९ वॉटचा बल्ब रोज तासभर लागतो, ९ वॉट-तास. उरलेले तेवीस तास तो हुकमाची वाट बघत ११.५ वॉट-तास खातो. उजेडापेक्षा वाट पाहणं महाग. चार बल्ब आणि हब मिळून वर्षाचे साधारण ३३ युनिट असे जातात. सगळे बदल झाल्यावर पूर्ण घराच्या प्रकाशाला जेवढी वीज लागेल असा माझा अंदाज आहे, त्याच्या जवळजवळ पाव हिस्सा हा.

आणि त्या बदल्यात मिळतं काय? ९ वॉटचा विसरलेला दिवा दोन तास जास्त चालला तर १८ वॉट-तास. तारेच्या बल्बांच्या काळात विसरण्याची किंमत १२० होती, तेव्हा अशा यंत्रणेने बचत केली असती. एलईडी आल्यावर विसरणं स्वस्त झालं आणि आठवण ठेवणाऱ्या यंत्राचा खर्च मात्र तिथेच राहिला.

मुख्य बटण बंद करून हा खर्च थांबवता येतो, पण मग वेळापत्रक आणि फोन दोन्ही निरुपयोगी, म्हणजे साधाच बल्ब, फक्त महाग. तीन बल्ब आणि हब नात्यातल्या एका घरी दिले, त्यांच्याकडे हात पोचत नाही अशा ठिकाणी दिवे आहेत. एक ठेवला, सासूबाईंच्या खोलीत, वायफायवर थेट चालणारा. त्यांना गुडघ्यांमुळे अंधारात उठून बटणापर्यंत जाणं धोक्याचं आहे, उशाशी ठेवलेल्या छोट्या बटणाने त्या दिवा लावतात आणि मालवतात. त्याचे रोजचे १०.५ वॉट-तास मी आनंदाने हिशेबात धरले आहेत.

खर्चाचं स्पष्टच लिहिते: या प्रकल्पात खिशातून गेलेल्या पैशांपैकी जवळजवळ निम्मे या स्मार्ट संचावर गेले, आणि बचतीच्या रकान्यात त्याच्यासमोर उणे चिन्ह आहे.

२२ फेब्रुवारी: सेन्सर कुठे लावावा, कुठे लावू नये

माणूस आला की दिवा लागतो आणि गेला की विझतो, असे पीआयआर सेन्सर. हे शरीराच्या उष्णतेची हालचाल टिपतात. त्यांचाही स्वतःचा खर्च आहे, आमच्याकडचे अर्धा वॉट, म्हणजे दिवसाला १२ वॉट-तास. एवढी बचत ज्या जागी होत नाही तिथे सेन्सर लावणं तोट्याचं.

बाथरूम आणि संडास या दोन्हींत आधी लावले होते. तिथले सीएफएल काढून ५ वॉटचे एलईडी बसवले, कारण सीएफएल वारंवार लावला-विझवला की लवकर जातो. मग लक्षात आलं की ५ वॉटचा दिवा दोन तास विसरला तरी १० वॉट-तास जातात आणि सेन्सर त्यासाठी १२ घेतो. शिवाय आत माणूस स्थिर बसला की दिवा विझायचा आणि आतून हाका यायच्या. दोन्ही काढले. दाराबाहेर, डोळ्यांच्या उंचीवर बटण आणलं. जाता-येता दिसतं म्हणून बंद केलं जातं, पूर्वी ते दाराच्या पाठीमागे झाकलं जायचं. आता दोन्ही दिवे मिळून दिवसाला २० वॉट-तास.

काढलेला एक सेन्सर जिन्यात गेला. तिथे ७ वॉटचा दिवा सहा तास चालायचा, ४२ वॉट-तास. आता दिवा एकूण तासभर लागतो, सेन्सर धरून १९. पहिल्यांदा तो पायऱ्यांच्या समोर, चढणाऱ्याच्या तोंडावर लावला होता, आणि माणूस निम्मा जिना चढून आला तरी दिवा लागायचा नाही. पीआयआरला आडवी हालचाल चटकन कळते, सरळ चालून येणारी उशिरा. बाजूच्या भिंतीवर हलवला आणि पहिल्या पायरीवरच दिवा लागायला लागला.

८ मार्च: फाटकाचा दिवा

इथे सेन्सर सर्वात फायद्याचा आहे. २३ वॉटचा सीएफएल रात्रभर २७६ घ्यायचा. ९ वॉटचा एलईडी रात्रभर १०८, आणि सेन्सरवर दोन तास लागला तर सगळं धरून ३०.

पण पोचायला वेळ लागला. आधी जुन्या बंद काचेच्या हंडीतच एलईडी लावला होता, तो लवकरच गेला. खोक्यावर २५,००० तास छापलेले. तो आकडा एलईडीच्या उजेडाचा असतो, आतल्या इलेक्ट्रॉनिक्सचा नव्हे. उघडून पाहिलं तर एलईडीचे पिवळे ठिपके ठणठणीत आणि बुडातल्या छोट्या कपॅसिटरचं डोकं फुगलेलं. बंद हंडीत गरम हवेला वाट नसते आणि तो कपॅसिटर शिजतो. हंडीऐवजी वरून झाकलेलं, खालून उघडं टोपण बसवलं. आणखी एक फायदा झाला, प्रकाश आकाशात आणि शेजाऱ्यांच्या खिडकीत जात नाही. बल्ब मुद्दाम पिवळसर घेतला, निळसर पांढऱ्यावर किडे फार जमतात.

सेन्सरची दोन नाटकं सोडवावी लागली. रस्त्यावरून गाडी गेली की दिवा लागायचा. सेन्सरच्या दुधी भिंगाचा रस्त्याकडचा भाग काळ्या चिकटपट्टीने झाकला. दुसरं, दिवा लागायचा, विझायचा, पुन्हा लागायचा, असं थांबेचना. सेन्सरमध्ये दिवस-रात्र ओळखणारा प्रकाशाचा डोळाही असतो, आणि समोरच्या पांढऱ्या खांबावरून परत येणारा स्वतःच्याच दिव्याचा उजेड पाहून तो दिवस उजाडला असं समजत होता. सेन्सर अर्धा हात बाजूला सरकवला आणि वेळ एक मिनिटावर ठेवला.

१९ एप्रिल: उन्हाळ्यातली तक्रार

जिन्यातला सेन्सर गरम संध्याकाळी चुकायला लागला आहे. भिंती तापून शरीराच्या उष्णतेच्या जवळ आल्या की त्याला माणूस आणि पार्श्वभूमी यांतला फरक कमी दिसतो. संवेदनशीलतेचा पेच थोडा वाढवला. मग वरच्या खिडकीतला पडदा हलला तरी दिवा लागतो, पण पायरी अंधारात राहण्यापेक्षा ते परवडलं. जिन्यातलं जुनं बटणही समांतर जोडून ठेवलं आहे. सेन्सर बिघडला तरी हाताने दिवा लावता आलाच पाहिजे, विशेषतः घरात वयस्कर माणसं असताना.

१० मे: आजचे आकडे

पुन्हा कागद चिकटवून आठवडाभर तास लिहिले. हॉल ११८ (एक ट्यूब पाच तास, दुसरी तासभर, वाचायचा दिवा दोन तास), स्वयंपाकघर ६३, मुलाची खोली ५४, बेडरूम स्मार्ट बल्ब धरून ६४.५, फाटक ३०, बाथरूम-संडास २०, जिना १९, रात्रीचे दोन दिवे ८. बेरीज ३७६.५ वॉट-तास, वर्षाला सुमारे १३७ युनिट. आधी ६८४ होते. वीज पूर्ण कोळशाची धरली तर वर्षाला साधारण ५४७ किलो कार्बन डायऑक्साइड कमी.

घराच्या मीटरवर ही घट रोजची दीड युनिट दिसायला हवी. पंखे आणि बाकी वापर सारखा असलेले आठवडे निवडून पडताळलं तर १.३ ते १.४ दिसते. फरक कुठे जातो ते शोधायचं आहे. मला संशय टीव्हीशेजारच्या अडॅप्टरांवर आहे, डिसेंबरनंतर तिथे दोन नवे आले आहेत.

बाकी राहिलेलं: दुसऱ्या बेडरूममधला जुना फिरता डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण. त्याच्यावर एलईडी थरथरतो. डोळ्यांना जाणवत नाही, पण फोनच्या संथ चित्रीकरणात पट्टे स्पष्ट दिसतात. जुने डिमर तारेच्या बल्बाच्या मोठ्या भारासाठी बनवलेले असतात, ९ वॉटवर ते धड चालत नाहीत. तो काढून साधं बटण लावायचं आहे, वायरमन पुढच्या रविवारी येणार आहे. आणि हॉलच्या खिडकीबाहेरची वेल छाटायची. तिने संध्याकाळचा शेवटचा तासभराचा उजेड अडवला आहे, दुसरी ट्यूब लागते ती नेमकी त्याच तासाला.